उशिरा बोलणारं मूल आणि जन्मानंतरची कावीळ

"अगं याचा बाप पण उशिराच बोलायला लागला होता, काळजी नको करूस." दीड-दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर घरात हे वाक्य हमखास येतं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात, पण काहींना मुळात नीट ऐकूच येत नसतं आणि नुसतं बघून ते कळत नाही, कारण ऐकू न येणारं बाळसुद्धा सुरुवातीला हुंकार देतं, खिदळतं. सहा-सात महिन्यांनंतर बाकीची बाळं बाबाबा-दादादा सुरू करतात तेव्हा हे मागे पडायला लागतं.

आणि हे काही लाखात एक प्रकरण नाही. 2018 मध्ये पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारच्या उत्तर गोव्यातल्या मिळून 3,964 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत मेंदूच्या विकासाच्या अडचणींचं प्रमाण जागेनुसार 2.9 ते 18.7 टक्के निघालं, आणि त्यात सगळ्यात जास्त सापडलं काय तर कमी ऐकू येणं आणि बौद्धिक अक्षमता. जन्मल्यावर उशिरा रडणं, कमी वजन, कमी दिवसांचं बाळंतपण, घरी झालेली डिलिव्हरी, मेंदूचा संसर्ग अशा गोष्टी ज्यांच्या बाबतीत घडल्या होत्या त्या मुलांत धोका जास्त दिसला.

ऐकू न येण्यामागच्या कारणांत मला स्वतःला सगळ्यात भन्नाट वाटते ती जन्मानंतरची कावीळ. जुन्या लाल पेशी फुटल्या की बिलिरुबिन तयार होतं, नवजात बाळाचं लिव्हर अजून कच्चं असतं त्यामुळे ते साचतं, बहुतेक बाळांत आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतंही. पण हे बिलिरुबिन पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. रक्तात ते अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतं, प्रमाण फार वाढलं की अल्ब्युमिन पुरत नाही आणि सुटं राहिलेलं बिलिरुबिन थेट मेंदूत शिरतं. तिथे त्याचा राग खास करून हालचाली सांभाळणाऱ्या बेसल गँग्लियावर आणि ऐकण्याच्या केंद्रांवर. फोटोथेरपीचा निळा प्रकाश या रेणूचा आकारच बदलतो, मग लिव्हरने त्यावर प्रक्रिया न करताही तो पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडतो. हाताला चुन्याचं पाणी लावून 'कावीळ उतरवणारे' मात्र आधीच आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावतात, पिवळं पाणी त्याचं असतं, बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन आहे तिथेच.

लाल पेशींना जपणारं जी6पीडी एन्झाइम कमी असलेल्या बाळांत तर ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांच्या वासाची दुपटी वापरली तरी लाल पेशी भराभर फुटू शकतात. म्हणून बाळंतविडा आधी धुवा, उन्हात वाळवा.

आता गंमत बघा, कावीळीत कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी बऱ्याचदा शाबूत राहतात, बिघडतो तो कानाकडून मेंदूकडे जाणारा मार्ग. बाळाच्या कानाची ओएई टेस्ट फक्त केसपेशी तपासते, त्यामुळे ती 'पास' येऊ शकते. मार्ग तपासते ती बेरा नावाची टेस्ट. तेव्हा ज्या बाळाची कावीळ रक्त बदलण्यापर्यंत गेली होती त्याची बेरा मागून घ्या, शक्यतो तीन महिन्यांच्या आत. सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी सेंटरमध्ये, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, अशा बाळांसाठीच चौकशी करायची असते.