कोणता तुकडा आधी? कोकणातले संघर्ष आणि माहितीपटांचं संकलन

कोकणातला सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. एप्रिलमध्ये चित्रित केलेला सडा आणि सप्टेंबरमधला सडा एका दृश्यात शेजारीशेजारी ठेवता येत नाहीत. एप्रिलमध्ये जांभा काळपट, भाजलेला असतो आणि सावलीला झाड शोधावं लागतं. भाद्रपदात त्याच कातळावर गवत उभं असतं, साचलेल्या पाण्याच्या कडेला सीतेची आसवं फुललेली असतात आणि जिथे मातीचा थर आहे तिथे नाचणी, वरी. रंग जुळवून हा फरक झाकता येत नाही, झाकूही नये. सातबाऱ्यावर सड्याचा बराच भाग पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून नोंदलेला असतो आणि जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचं माडबन असो वा रिफायनरीचं बारसू, प्रकल्पाची बाजू मांडताना ‘ओसाड कातळ’ हे शब्द येतातच. मे महिन्यातला एक लांब शॉट त्या शब्दांना पुरावा देतो आणि सप्टेंबरमधला तोच शॉट तो पुरावा काढून घेतो. दोन्ही शॉट खरे आहेत. माहितीपटात त्यातला कोणता आधी लागला आणि पडद्यावर महिना लिहिला की नाही, यावर प्रेक्षकाच्या मनातला सडा ठरतो.

सड्याच्या कातळात कोरलेल्या जुन्या आकृतींचं, कातळशिल्पांचंही तसंच. भर दुपारी वरून घेतलेल्या चित्रात कोरीव रेघा सपाट होऊन नाहीशा होतात. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात त्याच रेघांना सावली धरते. दुपारचा शॉट लावून ‘इथे काही नाही’ म्हणणं सोपं आहे.

म्हणून कोकणातल्या जमिनीच्या, समुद्राच्या आणि पोलिसी कारवाईच्या माहितीपटांची पार्श्वभूमी बघायची तर दोन प्रश्नांचा माग काढावा लागतो. तुकड्यांचा क्रम कोणी ठरवला? आणि न कापलेलं चित्रण कोणाकडे राहिलं?

शपथपत्रासकट आलेला चित्रपट

न्यायालयात हे प्रश्न ठळकपणे उभे राहिले ते न्यूरेंबर्गला, नाझी नेत्यांवरच्या खटल्यात. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी छळछावण्यांवरचा सुमारे तासाभराचा चित्रपट तिथे पुरावा म्हणून दाखवला गेला. ८०,००० फूट फिल्ममधून ६,००० फूट निवडून तो जुळवला होता. सोबत शपथपत्रं होती: निवड केली आहे, पण चित्रात कोणताही फेरफार केलेला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये याच छावण्यांवर दुसरा चित्रपट जुळवला जात होता. त्याच्या संकलकांना आल्फ्रेड हिचकॉकने सल्ला दिला की शॉट लांब ठेवा, कॅमेरा बघायला आलेल्या माणसांवरून निघून न तुटता मृतदेहांपर्यंत जाऊ द्या, म्हणजे हा बनाव आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. तो चित्रपट तेव्हा अर्धाच राहिला आणि २०१४ मध्ये पूर्ण झाला. सल्ला मात्र टिकला.

आजही संघर्षाचं दृश्य कापताना पाळायची पहिली गोष्ट हीच. कृती आणि तिचा परिणाम एकाच शॉटमध्ये असतील तर तो शॉट मध्ये तोडायचा नाही. लाठी उगारणारा हात आणि खाली पडणारा माणूस एका चौकटीत असताना मध्ये गर्दीचा कटअवे, म्हणजे शॉट तोडून मध्येच दाखवलेलं दुसरं चित्र, घातला, तर दृश्य वेगवान होतं आणि पुरावा मरतो.

अकरा मिनिटांचा रोल

आपल्याकडे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दिसणारी धरणं, कारखाने, पूर या संस्थेच्या वार्तापटांतून यायचे. पडद्यावर माणसं दिसत, बोलत असे निवेदक. निवेदन आधी पक्कं होऊन त्यावर चित्र बसवलं की दृश्याचा क्रम वाक्याच्या क्रमाने चालतो. विस्थापित माणूस स्वतःच्या तोंडाने काही सांगत नाही.

सत्तरच्या दशकात स्वतंत्र माहितीपटकारांनी १६ मिलिमीटरचा कॅमेरा हाती घेतला आणि माणसाचा आवाज चित्रासोबत येऊ लागला. पण फिल्मचा हिशेब कठोर होता. फुटाला ४० फ्रेम आणि सेकंदाला २४, म्हणजे ४०० फुटांचा रोल ११ मिनिटांत संपतो. दहा रोल नेले तरी हाती दोन तासांचं चित्रण नाही. चावी भरायच्या कॅमेऱ्यात तर एका चावीला अर्ध्या मिनिटाहून कमी शॉट मिळे. सभा चार तास चालली तरी त्यातली कोणती अकरा मिनिटं घ्यायची हे छायाचित्रकाराला जागेवरच ठरवावं लागे. कात्री लागायच्या आधीच चित्रण कापलेलं असे. पुढे मुंबईच्या लॅबमध्ये धुलाई, मग वर्क प्रिंट, म्हणजे कापाकापीसाठीची प्रत, मग स्टीनबेक या संकलनाच्या टेबलावर चित्र आणि छिद्रं पाडलेली आवाजाची टेप शेजारी चालवून जुळणी. शेवटी निगेटिव्ह कापणाऱ्याने ती दोन रोलमध्ये, एकआड एक शॉट, मध्ये काळी पट्टी, अशी लावायची, म्हणजे सांधा पडद्यावर दिसत नाही. निगेटिव्ह एकदा कापली की मूळ क्रम संपला. उरलेले तुकडे लॅबच्या डब्यात.

कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली ती १९९८ मध्ये. त्याआधी राजापूर-गुहागरहून रोल मुंबईला जायचे ते रस्त्याने, बहुधा रात्रीच्या एसटीने. ज्यांचं चित्रण झालं त्यांनी जुळलेला चित्रपट बघावा ही सोयच या रचनेत नव्हती.

व्हीएचएस, वेलदूर आणि साक्ष

व्हिडिओ आला तेव्हा रोलचा हिशेब सुटला, दुसरी अडचण उभी राहिली. दोन मशीनवरच्या जुळणीत एकावरची मूळ टेप दुसऱ्यावर क्रमाने उतरवली जाते. मधला दहा सेकंदांचा तुकडा बदलून लांबी कमी-जास्त झाली तर त्यापुढचं सगळं पुन्हा उतरवायचं, नाहीतर प्रतीची प्रत काढायची. व्हीएचएस कॅसेटच्या तिसऱ्या प्रतीत रंग वाहतात, कडा विरघळतात, मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत नाहीत. चूक दिसत असूनही ती सुधारायला अख्खी रात्र जाणार म्हणून ती तशीच राहून गेली, हे त्या काळच्या कामात वारंवार झालं.

याच काळात दाभोळच्या वीज प्रकल्पाचा वाद पेटला. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार, १९९५ मध्ये रद्द, १९९६ मध्ये पुन्हा चालू. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस प्रकल्पाजवळच्या वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले आणि त्यांनी बायकांना मारहाण केली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ च्या अहवालात ती घटना साक्षींच्या आधारे नोंदवली.

पहाटे झोपेतून उठवून केलेल्या कारवाईचं चित्र संकलकाला सहसा मिळत नाही. मिळते ती साक्ष. साक्ष कापताना सगळ्यात मोठी ओढ असते ती अडखळणं काढून टाकायची: बाई थांबते, मागे जाते, तारीख सुधारते. मधले तुकडे काढून त्यावर हातांचा किंवा समुद्राचा कटअवे टाकला की बोलणं सलग वाटतं. प्रेक्षकाला सांधा दिसत नाही आणि ते बोलणं कोणी जोडलं हेही कळत नाही. साक्षीत कापायची वेळ आलीच तर सांधा उघडा ठेवावा: चित्र किंचित उडी मारू दे, किंवा दहा-बारा फ्रेम काळं ठेवावं. तारीख सुधारलेली जागा तर काढूच नये. स्वतःला दुरुस्त करणाऱ्या माणसावर लोक जास्त विश्वास ठेवतात. उलटतपासणीतही तीच दुरुस्ती तिच्या बाजूने उभी राहते.

जनसुनावणीची टेप

पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी बंधनकारक झाली ती एप्रिल १९९७ मध्ये. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने पुढची गोष्ट केली: सुनावणीच्या संपूर्ण कामकाजाचं व्हिडिओ चित्रण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने करून घ्यायचं आणि त्याची प्रत इतिवृत्तासोबत पाठवायची. कोकणावर माहितीपट करणाऱ्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये झाली, मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली आणि १८ एप्रिल २०११ रोजी नाटे गावात पोलीस गोळीबारात एका मच्छीमार तरुणाचा जीव गेला. या क्रमातल्या पहिल्या पायरीचं सरकारी, न कापलेलं चित्रण कायद्यानेच असायला हवं.

ते माहिती अधिकारात मागता येतं, अर्जाची फी १० रुपये. अर्जात ‘सुनावणीची सीडी’ एवढंच लिहिलं तर कोणीतरी आधीच कापलेले वेचक तुकडे हाती येण्याची शक्यता राहते. ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं असंपादित चित्रण, मूळ फाइल नावांसह’ असं लिहावं. मिळालेली फाइल आधी जशीच्या तशी बाजूला ठेवायची. मग तिच्यावर चालू वेळ उमटवलेली वेगळी प्रत काढून ती पूर्ण बघायची, बोलणाऱ्यांची यादी करायची आणि इतिवृत्तातल्या आक्षेपांशी ताडून बघायची. टेपवर बोललेला आणि कागदावर न आलेला आक्षेप सापडला, तर चित्रपटात तो न तोडता ठेवायचा आणि शेजारी इतिवृत्ताचं पान.

चाळीस मोबाइल, एक दिवस

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायका रस्त्यावर आडव्या पडल्या, अश्रुधुराच्या आणि लाठीमाराच्या बातम्या आल्या. अशा दिवशी चित्रण कमी नसतं, क्रम नसतो. दगड आधी की लाठी आधी, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं उभं असतं आणि संकलकाने दोन क्लिप शेजारी ठेवल्या की त्याने एका बाजूचं म्हणणं मान्य केलेलं असतं, त्याला कळो वा न कळो.

म्हणून आधी चित्रपट कापायचा नाही, दिवस मांडायचा. सगळ्या फाइल एका टाइमलाइनवर, प्रत्येक मोबाइलला वेगळा ट्रॅक, जुळणी आवाजावरून: पोलिसांच्या भोंग्यातली घोषणा, अश्रुधुराच्या नळकांड्याचा बार, गाडीचा सायरन. इथे एक हिशेब विसरला जातो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोकळ्या सड्यावर तेवढ्या अंतरावरच्या मोबाइलमध्ये बार एक सेकंद, म्हणजे २५ फ्रेम, उशिरा ऐकू येतो. नुसत्या आवाजावर जुळवलं तर लांबचं चित्र खऱ्या वेळेच्या आधी लागतं आणि दगड-लाठीचा क्रम उलटा होऊ शकतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी एक खूण, धूर निघाल्याचा क्षण किंवा दार आपटणं, प्रत्येक ट्रॅकवर तपासावी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलच्या नावातली तारीख चित्रणाची असेलच असं नाही, आणि आत नोंदलेली मूळ माहितीही पुसलेली असते. मूळ फाइल मोबाइलमधून केबलने घ्यावी, ते शक्य नसेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवावी. मोबाइलचा फ्रेम दर चित्रणाच्या ओघात बदलतो. दहा मिनिटांच्या क्लिपमध्ये सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी जुळत नाहीत. संकलनात घेण्याआधी स्थिर दराची प्रत काढली की ही कटकट मिटते. मूळ फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, त्याच दिवशी काढून वहीत आणि ड्राइव्हवर नोंदवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. नंतर कोर्टाने चित्रण मागितलं तर संकलित चित्रपट उपयोगी पडत नाही, मूळ फाइलच लागते.

पावसाळ्यात सापडलेल्या टेपा

नव्वदच्या दशकातलं चित्रण आजही माळ्यावर, ट्रंकेत, शाळेच्या कपाटात पडलेलं आहे आणि कोकणची हवा त्याला खाते. कॅसेटच्या काचेतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी आहे. ‘चालते का बघू’ म्हणून व्हीसीआरमध्ये घातली की हेड चोंदतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. अशी कॅसेट वेगळ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी, साफ करणाऱ्याकडेच उघडावी.

उतरवून घेताना जुनं ४:३ चं चित्र रुंद पडदा भरायला ताणू नये. माणसं बसकी दिसतात आणि ओळख पटवायला आलेला साक्षीदार गोंधळतो. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्यावी. मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटच्या चित्रात हलणाऱ्या हातांना दातरे दिसले किंवा चाल थरथरली तर फील्डचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम ज्या दोन अर्ध्या चित्रांनी बनते त्यांचा, क्रम उलटा लागलेला असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीमध्ये खालची फील्ड आधी येते.

हेल

चेहरा धूसर केला म्हणजे माणूस लपला, हा समज कोकणात फार लवकर उघडा पडतो. होडीवरचा नोंदणी क्रमांक, मागचं तुळशीवृंदावन, कौलांचा उतार आणि सगळ्यांत आधी बोलण्याचा हेल. दोन वाक्यांत गाव कळतं, चौथ्या वाक्यात वाडी. आवाजाचा सूर वरखाली केला तरी हेल तसाच राहतो, आणि सूर परत मूळ जागी आणताही येतो. धोका खरा असेल तर तेच शब्द दुसऱ्या भागातल्या माणसाकडून म्हणवून घ्यावेत आणि पडद्यावर तसं लिहावं.

सबटायटलमध्येही जमीन हरवते. ‘जमीन गेली’, ‘जमीन दिली’ आणि ‘जमीन घेतली’ या तीन वेगळ्या साक्षी आहेत. मालवणीत ‘आमका जमीन देवची नाय’ म्हणणाऱ्याच्या खाली घाईत ‘जमीन विकायची नाही’ असं आलं तर भूसंपादनाचा खटला खरेदी-विक्रीचा होऊन बसतो.

अशा चुका पकडायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे देवळाचा सभामंडप, आणि वेळ म्हणजे चाकरमानी गावी असतात तो मे महिना. कच्चा कट वेळ उमटवून दाखवायचा, शेजारी वही घेऊन एकाने बसायचं, जो कोणी आक्षेप घेईल त्याची वेळ लिहून घ्यायची. पडद्यावर ऑक्टोबरची तारीख आणि मागे पावसाच्या तोंडावर ओरडणारा पावशा पक्षी ओरडतो आहे, हे स्टुडिओत कोणाला ऐकू येत नाही. तिथे पहिल्या रांगेतली म्हातारी ते सांगते, आणि त्या क्लिपची तारीख पुन्हा तपासायला घ्यावी लागते.