ओपन पेमेंट्सवरची आपली नोंद तपासायची आहे? १५ मेच्या भरवशावर राहू नका

अमेरिकेत औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेलं मानधन, जेवण, प्रवासखर्च दरवर्षी ३० जूनपर्यंत 'ओपन पेमेंट्स' या सरकारी संकेतस्थळावर जाहीर होतं. कायदा २०१० चा, पहिली यादी ३० सप्टेंबर २०१४ ची. रुग्णाला ती बघायला अर्ज-बिर्ज लागत नाही, डॉक्टरचं नाव टाकलं की झालं. (भारतात २०२४ ची विपणन संहिता आली, पण अशी डॉक्टरनिहाय यादी अजून नाही.) नोंदणीची यातायात आहे ती डॉक्टरांना, आणि तीही नोंद जाहीर होण्याआधी तपासायची असेल तरच.

या नोंदणीला एमडी, डीओ (ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर), दंतवैद्य वगैरे परवानाधारक पात्र आहेत, २०२१ पासून नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटही. रेसिडेंटना यातून वगळलं आहे, फेलोंना (रेसिडेन्सीनंतर पुढचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना) नाही. फेलोशिप करणाऱ्या मुलामुलींना हे बहुधा कोणी सांगतच नाही.

नोंदणीला एनपीआय (अमेरिकेतला डॉक्टरांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडचे लोक अडकू शकतात ते नावात. एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर गाळलेलं. एनपीआयमध्ये माहेरचं आडनाव, परवान्यावर सासरचं. आधी एनपीआयची नोंद दुरुस्त करा, मगच इथे या. ओळख पटवण्याचे प्रश्न तुमच्या क्रेडिट इतिहासावरून येऊ शकतात. देशात नवीन असाल तर तो इतिहासच नसतो. मग हेल्पडेस्कला फोन करा आणि धीर धरा.

खातं आधीचं असेल तरी खुशीत राहू नका. ६० दिवस लॉगिन नसेल तर ते लॉक होतं, १८० दिवसांनी निष्क्रिय. वर्षातून एकदा बघायच्या कामासाठी हा नियम कोणी केला, देव जाणे!

आता तारखा. जाहीर होण्याआधी नोंदी साधारण १ एप्रिल ते १५ मे एवढेच दिवस तपासता येतात. हे ४५ दिवस कंपनीचं पत्र हाती पडल्यापासून मोजायचे नसतात. जूनच्या यादीआधी दुरुस्ती हवी तर १५ मेपर्यंत हरकत नोंदवायची असते, आणि कंपनीला दुरुस्तीसाठी ३० मेपर्यंतच वेळ मिळतो. शेवटच्या दिवशी हरकत घेतलीत आणि कंपनी गप्प बसली, तर तिचाच आकडा 'वादग्रस्त' अशा शेऱ्यासह छापला जातो. सरकार मध्यस्थी करत नाही. म्हणून हरकतीत नुसतं 'चुकीचं आहे' लिहू नका. तारीख, ठिकाण, तुम्ही तिथे नव्हता याचा पुरावा द्या. दवाखान्यात आलेल्या जेवणाचा खर्च ते प्रत्यक्ष जेवलेल्यांवरच वाटला गेला पाहिजे. उपवास होता म्हणून ताटाला हात लावला नसेल, तर तेही लिहा.

१५ मे हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत हरकत घेता येते. फक्त जूनच्या यादीत जुना आकडा दिसेल आणि दुरुस्ती पुढच्या अद्ययावत यादीत येईल.