लपवलेले अपडेट पुन्हा का उगवते?

‘विंडोज अपडेट कायमचे बंद करा, कॉम्प्युटर सुसाट धावेल’ असे व्हिडिओ आणि फॉरवर्ड सतत फिरत असतात. सल्ला ठरलेला: सर्व्हिसेसची (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी उघडा, ‘विंडोज अपडेट’ शोधा आणि ‘डिसेबल्ड’ करून टाका. दुसरा गट जरा जाणकारांचा. तो म्हणतो, सगळे बंद करू नका, नको असलेले तेवढे लपवा, म्हणजे ‘हे बसवू नको’ अशी खूण करा. हा सल्ला चांगला आहे. पण लपवलेले अपडेट महिन्याभरात परत समोर आले की हीच मंडळी वैतागतात, ‘आपण नाही म्हटले तरी लादतातच!’ खरे तर आपला नकार तंतोतंत पाळला गेलेला असतो. तो किती छोट्या गोष्टीला दिला होता, हे मात्र आपल्या लक्षात आलेले नसते.

आपल्याला अपडेट ओळखू येते ते ‘केबी’ने सुरू होणाऱ्या आकड्यावरून. हा आकडा म्हणजे त्या अपडेटची माहिती देणाऱ्या लेखाचा क्रमांक. विंडोजच्या लेखी अपडेटची ओळख वेगळीच असते. प्रत्येक अपडेटला १२८ बिटांचा एक ओळखक्रमांक असतो आणि त्याच्या जोडीला एक आवृत्तिक्रमांक. एकाच केबी आकड्याखाली असे अनेक ओळखक्रमांक असू शकतात: इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी एक, आर्म प्रोसेसरसाठी दुसरा, विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी आणखी काही.

तुमच्या कॉम्प्युटरवरचा अपडेट एजंट, म्हणजे अपडेट शोधणारा विंडोजचा भाग, साधारण दिवसातून एकदा सर्व्हरशी बोलतो. सर्व्हरकडून प्रत्येक अपडेटसोबत नियम येतात: अमुक फाइल या आवृत्तीपेक्षा जुनी आहे का, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) तमुक नोंद आहे का, या ओळखीचे हार्डवेअर जोडलेले आहे का. हे नियम एजंट तुमच्याच मशीनवर तपासतो. त्यातून जी अपडेट्स लागू पडतात, त्यांच्यावर तो दोन चाळण्या लावतो: ‘इन्स्टॉल झालेले नाही’ आणि ‘लपवलेले नाही’. दोन्हींतून उरेल ते इन्स्टॉल होते.

लपवणे म्हणजे दुसऱ्या चाळणीसाठी केलेली एक हो-नाही खूण. तिची नोंद होते तुमच्याच डिस्कवर, विंडोज फोल्डरमधल्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरात ‘डेटास्टोअर’ नावाचा डेटाबेस असतो त्यात. ही खूण त्या एका अपडेटवर असते, त्याच्या पुढच्या पिढीवर नाही. पत्र न उघडता परत पाठवले म्हणून त्याच माणसाचे पुढचे पत्र पोस्टमन अडवत नाही, तसेच हे.

केबी ८९०८३० हे याचे नमुनेदार उदाहरण. घातक सॉफ्टवेअर काढून टाकणारे हे छोटे साधन मायक्रोसॉफ्ट जानेवारी २००५ पासून देते आहे. आकडा तोच राहतो आणि आत दर वेळी नवे अपडेट असते. या महिन्याचे लपवले तरी पुढचे त्याच आकड्याने हजर. डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसमधल्या व्हायरस-नोंदींचे केबी २२६७६०२ तर दिवसातून अनेकदा बदलते. ते लपवणे निव्वळ वेळेचा अपव्यय, शिवाय धोक्याचे.

मासिक सुरक्षा अपडेटची तऱ्हा याहून निराळी. विंडोज १० पासून ही अपडेट्स संचयी आहेत. प्रत्येक नवे अपडेट आधीच्या सगळ्या दुरुस्त्या पोटात घेऊन येते आणि मेटाडेटात, म्हणजे सोबतच्या माहितीत, स्पष्ट लिहिलेले असते की हे आधीच्या अमुक अपडेट्सची जागा घेते. सप्टेंबरचे लपवले तर ऑक्टोबरचे नव्या ओळखीने येते आणि सप्टेंबरमधला नकोसा बदलही त्यातून आत शिरतो. उलटा प्रकारही होतो. विंडोज ७ च्या काळात ऑक्टोबरचे रोलअप (दुरुस्त्यांचा एकत्रित संच) लपवले की यादीत सप्टेंबरचे उगवायचे, ते लपवले की ऑगस्टचे. कारण जागा घेणारे अपडेटच नजरेआड केल्यामुळे, ज्याची जागा घेतली होती ते पुन्हा ‘लागू’ ठरायचे. याच काळात विंडोज १० कडे बोलावणारे केबी ३०३५५८३ लोकांनी लपवले आणि ते सुधारून पुन्हा पुन्हा पाठवले गेले. तिथे मात्र वैताग रास्त होता.

हीच गोष्ट डेबियन किंवा उबुंटू लिनक्समध्ये वेगळ्या पद्धतीने होते. तिथल्या ‘होल्ड’मध्ये पॅकेजच्या (प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या) नावालाच नकार दिला जातो, आवृत्तीला नाही. म्हणून तो तुम्ही काढेपर्यंत टिकतो. त्याची किंमतही मोजावी लागते: दुसऱ्या एखाद्या पॅकेजला अडकवलेल्या पॅकेजची नवी आवृत्ती हवी असेल, तर तेही अडून बसते.

मग विंडोजमध्ये लपवायचे काय? ज्याची पुढची आवृत्ती लवकर येणार नाही असे काहीतरी. व्यवहारात असे दोनच प्रकार हाती लागतात: ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि अडून बसलेले एखादे सुटे अपडेट.

सुट्या अपडेटचे उत्तम उदाहरण ९ जानेवारी २०२४ चे केबी ५०३४४४१. विंडोज १० च्या रिकव्हरी पार्टिशनमधली (डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या भागातली) एक सुरक्षा-त्रुटी बुजवण्यासाठी ते आले. त्यासाठी त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती. अनेक कॉम्प्युटरांवर हे पार्टिशन मुळातच जेमतेम आकाराचे केलेले असल्याने अपडेट रोज यायचे, रोज पडायचे आणि ०एक्स८००७०६४३ एवढा आकडा दाखवायचे. त्या आकड्यातले शेवटचे ६४३ सोळाच्या पद्धतीतून दहाच्या पद्धतीत आणले की १६०३ मिळतात. विंडोज इन्स्टॉलरच्या भाषेत १६०३ म्हणजे ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली’. जागा कमी पडली, हे त्यातून कळण्याची सोय नाही. ही त्रुटी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनला वळसा घालण्याबद्दलची होती आणि तिचा फायदा घ्यायला कॉम्प्युटर प्रत्यक्ष हातात यावा लागतो. तेव्हा ज्याच्याकडे बिटलॉकर सुरूच नाही, त्याने पार्टिशनची चिरफाड करत बसण्यापेक्षा अपडेट लपवणे शहाणपणाचे होते. बिटलॉकर वापरणाऱ्या लॅपटॉपवाल्याने पार्टिशन वाढवण्याचा खटाटोप करायला हवा होता.

आता कृती. इथे क्रम चुकला की सगळे फसते, कारण लपवण्याचे साधन फक्त इन्स्टॉल न झालेली अपडेट्स दाखवते. आधीच बसलेले किंवा रीस्टार्टची वाट पाहणारे अपडेट त्या यादीत येतच नाही.

पहिल्यांदा डाउनलोड अडवा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे चालू जोडणीचे प्रॉपर्टीज आणि त्यात ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. यामुळे बहुतेक अपडेट्स आपोआप उतरणे थांबते (अतिमहत्त्वाची काही तरीही येतात). ‘चेक फॉर अपडेट्स’ हे बटण या काळात दाबू नका. ते नुसते ‘आहे का पाहा’ असे सांगत नाही. जे मिळेल ते बसवायला परवानगी देते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे जे मोठे अपडेट काही लोकांच्या फाइली पुसू लागल्याने मागे घेतले गेले, ते सुरुवातीला हे बटण दाबणाऱ्यांनाच मिळाले होते.

मग बसलेले काढा. साधे अपडेट असेल तर सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’, ‘अपडेट हिस्टरी’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. ड्रायव्हर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाचे प्रॉपर्टीज उघडून ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’. हे बटण फिकट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असे समजा. तेव्हा आधी निर्मात्याच्या साइटवरून हवा तो ड्रायव्हर उतरवून ठेवा आणि मगच ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा. त्या खिडकीत ड्रायव्हरही काढून टाकण्याचा चौकोन असतो, त्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर विंडोज ‘ड्रायव्हर स्टोअर’मधली तीच प्रत रीस्टार्टनंतर पुन्हा बसवते आणि दोष अपडेटला जातो.

यानंतर लपवणे. मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ नावाचे छोटे साधन दिले होते. चालवले की ते शोध घेते, ‘हाइड अपडेट्स’ आणि ‘शो हिडन अपडेट्स’ असे दोन पर्याय देते. पहिला निवडून नको त्यासमोर खूण केली की झाले. हे साधन ज्या निदान-यंत्रणेवर चालते ती निवृत्त करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आहे, त्यामुळे त्यावर कायमचे विसंबू नये. कुठल्याही भलत्या साइटवरून त्याची प्रत उतरवू नका. प्रॉपर्टीजमधल्या ‘डिजिटल सिग्नेचर्स’मध्ये मायक्रोसॉफ्टची सही नसेल तर ती फाइल सरळ पुसा.

दुसरा मार्ग पॉवरशेलचा, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीचा. ‘पीएस-विंडोज-अपडेट’ नावाचे मॉड्यूल बसवले की ‘गेट-विंडोजअपडेट’ या आज्ञेने यादी आणि ‘हाइड-विंडोजअपडेट’ने लपवणे, दोन्ही जमते. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. हे मॉड्यूल मायक्रोसॉफ्टचे नाही, पण तेही त्याच एजंटला तीच खूण करायला सांगते. इथे एक अडचण हमखास येते: ड्रायव्हर अपडेटला केबी आकडाच नसतो. त्यामुळे ते शीर्षकावरून किंवा थेट ओळखक्रमांकावरून लपवावे लागते. काम झाले की मीटर्ड कनेक्शन बंद करा.

ड्रायव्हर निवडीतली एक मौज सांगायलाच हवी. एका उपकरणासाठी अनेक ड्रायव्हर उपलब्ध असले तर विंडोज आधी हार्डवेअरच्या ओळखीशी कोण जास्त नेमका जुळतो ते पाहते. तिथे बरोबरी झाली तर ज्याची तारीख नवी तो जिंकतो, आणि तारीखही सारखी असेल तर मोठा आवृत्तिक्रमांक. म्हणून मायक्रोसॉफ्ट विंडोजसोबत येणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख घालते, म्हणजे उपकरणाच्या निर्मात्याचा ड्रायव्हर त्यांच्यापुढे हरणार नाही. इंटेलने आणखी मागे जाऊन चिपसेटच्या फाइलींना १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीच्या स्थापनेचा दिवस, दिला. आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणवणारे प्रोग्रॅम ही तारीख दाखवून ‘तुमचा ड्रायव्हर अर्ध्या शतकाहून जुना आहे’ असे घाबरवतात आणि पैसे मागतात!

मासिक सुरक्षा अपडेट लपवायचे नाही, फार तर लांबवायचे. ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. ‘पॉज अपडेट्स’ने होम आवृत्तीतही ते ३५ दिवसांपर्यंत थांबवता येते. आठवडा-दहा दिवस पुरेसे असतात. काही मोडणार असेल तर तोवर बोभाटा झालेला असतो. त्याहून लांबवण्यात तोटा आहे, कारण दुरुस्ती बाहेर पडली की जुन्या आणि नव्या फाइली शेजारी ठेवून भोक नेमके कुठे होते हे हल्लेखोरही शोधतात. वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती. मध्ये ५९ दिवस होते. महिन्याच्या चौथ्या आठवड्यात ‘प्रीव्ह्यू’ म्हणून येणारे ऐच्छिक अपडेट मात्र खुशाल सोडून द्या, त्यातले सगळे पुढच्या दुसऱ्या मंगळवारी येतेच.

सर्व्हिस बंद करण्याचा उपाय टिकत नाही याचे कारण ‘विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस’. अपडेट यंत्रणेचे भाग बिघडले किंवा बंद केले तर ते पूर्ववत करणे हेच तिचे काम. अपडेटनंतर कॉम्प्युटर मंद होतो हा अनुभव खरा आहे, पण कारण कारस्थान नव्हे: डॉट-नेट (अनेक प्रोग्रॅमचा पाया असलेली मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) बदलले की त्यावरच्या प्रोग्रॅमचे संकलन नव्याने होते, जुने घटक आवरले जातात, शोध-सूची पुन्हा बनते. काही तास चालू ठेवून सोडा. आणि १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले ते विंडोज अपडेटने नव्हे, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष फाइलमुळे. ती त्या कंपनीच्या स्वतःच्या मार्गाने आली होती. ब्राउझर, गेम किंवा ग्राफिक्स कार्डाचे प्रोग्रॅमही असेच आपापले अपडेट आणतात. लपवण्याच्या खुणेचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

अपडेट अडकले की ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ फोल्डर पुसा, हा सल्लाही सर्रास दिला जातो आणि बरेचदा कामी येतो. पण लपवल्याच्या सगळ्या खुणा त्याच फोल्डरात असतात, त्या सोबत जातात. विंडोजची नवी वार्षिक आवृत्ती बसल्यावरही बहुधा हेच होते. म्हणून काय लपवले आणि का, ते शीर्षकासकट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा; मोठे अपडेट झाल्यावर मीटर्ड कनेक्शन चालू करून ती यादी पुन्हा लावता येते. त्याच वेळी तपासा की निर्मात्याने दरम्यान सुधारित ड्रायव्हर काढला आहे का. काढला असेल तर जुन्यावर खूण करण्याचे कारणच उरत नाही.