शिडाच्या होड्या: रूप काय सांगतं, प्रतीक काय सांगतं

होडीचं चित्र दिसलं की आपण ‘जीवनप्रवास’ म्हणून मोकळे होतो. भवसागर, पैलतीर हे शब्द आपल्या ओठांवरच असतात. पण चित्राच्या रूपातून जाणवणारा भाव वेगळा आणि प्रतीकाचा अर्थ वेगळा. जपानी छापचित्रांत, म्हणजे लाकडी ठशांवर रंग लावून कागदावर छापलेल्या चित्रांत, हा फरक लख्ख दिसतो.

प्रतीकाचं उदाहरण म्हणजे ‘ताकाराबुने’, खजिन्याचं जहाज. जहाजात सात भाग्यदेवता, शिडावर बहुधा ‘खजिना’ हे अक्षर. वर्षातलं पहिलं स्वप्न शुभ पडावं म्हणून नव्या वर्षाच्या सुरुवातीला हा छापील कागद उशीखाली ठेवून झोपायचं. रेखाटन ओबडधोबड असलं तरी चालतं, कारण जहाजाचा अर्थ लोकांनी आधीच ठरवून ठेवलेला असतो.

आता जपानी चित्रकार हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) यांची १९२६ मधली ‘शिडाच्या होड्या’ ही सहा छापचित्रं पाहा. जपानमधल्या सेतोच्या अंतर्समुद्रावरचं एकच दृश्य. प्रहर मात्र सकाळ, दुपारच्या आधीचा, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र. लाकडी ठसे मुख्यतः तेच, बदलले ते रंग. शीड हेच प्रवासाचं प्रतीक असतं, तर सहाही चित्रं एकच गोष्ट बोलली असती. तसं होत नाही. सकाळी शिडामागून उजेड झिरपतो आणि मनात उमेद येते. धुक्यात मागच्या होड्या विरघळत जातात, तेव्हा त्याच शिडाला एकटेपण येतं.

हे घडतं कसं? कागद उभा आहे. शीड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब मिळून वरपासून खालपर्यंत एकच उंच आकार बनतो, म्हणून शिडं उभारलेली असूनही होडी धावते आहे असं वाटत नाही. त्यात ‘बोकाशी’: छापण्याआधी ठशावरचा रंग ब्रशनं असा पसरायचा, की तो गडदपासून फिका होत जाईल. आकाश आणि पाण्यातला प्रहर अशा छटांतून उतरतो. माझ्या मते या चित्रांचा जीव इथंच आहे. पैलतीर शोधायला गेलं तर तो हातून निसटतो.

पुढं योशिदा भारतात आले. ताजमहाल म्हणजे प्रेमाचं प्रतीक, हे साऱ्या जगाला पाठ. त्यांनी मात्र तोही पहाटेच्या धुक्यात आणि रात्रीच्या उजेडात छापला.