जुन्या ट्रकचं चार्जिंग : नवी बॅटरी घेण्याआधी हे वाचा

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं, रात्री हेडलाइट मिणमिणतात. अशी गाडी आमच्याकडे येते तेव्हा बऱ्याचदा मालकाने नवी बॅटरी घालून झालेली असते आणि तीही बसलेली असते. आमची कळकळीची विनंती आहे, खर्च करण्याआधी मल्टिमीटर लावा.

रात्रभर उभ्या गाडीत १२ व्होल्टची चांगली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत यायला हवा. २४ व्होल्टच्या गाडीत सगळं दुप्पट धरा. आकडा हलतच नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय. बॅटरीचं पाणी भराभर आटतं ते त्यामुळेच. डायनॅमोची (बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या जुन्या यंत्राची) गाडी मात्र स्लोवर (रेस न देता) तपासू नका, कमी फेऱ्यांवर डायनॅमो जेमतेमच करंट देतो.

चार्जिंग कमी दिसलं की लगेच डायनॅमो उतरवू नका. आधी बेल्टचा ताण आणि कार्बन ब्रश बघा, मग अर्थिंग, म्हणजे चेसिसमधून बॅटरीकडे करंट परतण्याची वाट. आमच्या अनुभवात दुखणं बहुतेक वेळा अर्थिंगमध्येच सापडतं. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मीटरची एक पिन डायनॅमोच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन बंद करून इंजिन-चेसिसमधली विणलेली अर्थपट्टी सोडा. वरून ती ठणठणीत दिसते, पण थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंगाचा थर नाहीतर गंज असतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, नट आवळा, पुन्हा मीटर लावा. आकडा तिथल्या तिथे उतरलेला दिसेल.

रात्रीचं चालवणं जास्त असेल किंवा जादा दिवे बसवलेत, तर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर (वीज बनवणारं नव्या पद्धतीचं यंत्र) जरूर घ्या. तो स्लोवरही चार्ज करतो. पण नुसता अल्टरनेटर बदलून भागत नाही. काही जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं असतं. अल्टरनेटर तसाच जोडला तर त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. डॅशबोर्डवरच्या जुन्या अँपिअर मीटरमधून चार्जिंगचा सगळा करंट जातो. ३० अँपिअरच्या मीटरमधून ६० अँपिअर गेले की त्याच्या मागची वायर तापते, वितळते, आग लागू शकते. म्हणून आम्ही अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर फ्यूजसह टाकतो आणि व्होल्टमीटर बसवतो. डायनॅमोचा जुना कटआउट-रेग्युलेटर (चार्जिंग जोडणारा-तोडणारा आणि आवरणारा डबा) सर्किटमधून काढावाच लागतो, मात्र शोभेसाठी डबा जागेवर राहू द्या. चार्जिंगचा लाल दिवाही काढू नका, कित्येक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो.

एक जुनी सवय मात्र सोडाच. चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल काढून 'चार्जिंग बघणं' अल्टरनेटरच्या गाडीत कधीही करू नका. व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जातात.

उतरवलेला मूळ डायनॅमो आम्ही तुम्हाला परत देतो. तो जपून ठेवा. गाडी आणताना इंजिन बंद असताना, स्लोवर आणि रेसवर आलेले तिन्ही आकडे कागदावर लिहून आणा.