भाडेकरू बदलले, गुन्हे तिथेच राहिले

शहरात कुठे कोयता निघाला की दुसऱ्या दिवशी नाशिकच्या कट्ट्यांवर दोन निदानं हमखास ऐकू येतात. एक, ‘बाहेरून आलेल्यांनी वाट लावली.’ दुसरं, ‘आईबापाचं लक्ष नाही.’

पहिल्या निदानाची तपासणी शिकागोत कधीच होऊन गेली आहे. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी बाल न्यायालयात आणलेल्या मुलांचे अनेक वर्षांचे पत्ते काढले आणि शहराच्या नकाशावर मांडले. कारखान्यांना आणि बाजारपेठेला चिकटलेल्या जुन्या वस्त्यांत या पत्त्यांची गर्दी दिसली, त्यात नवल नव्हतं. नवल पुढेच होतं. त्या वस्त्यांतले जर्मन, आयरिश लोक हळूहळू निघून गेले, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले, तरी गुन्ह्यांचं प्रमाण त्याच भागांत चढं राहिलं. निघून गेलेल्यांच्या मुलांचं मात्र नव्या वस्तीत कमी झालं. 1942 साली त्यांनी हे पुस्तकरूपात मांडलं. दोष येणाऱ्यांच्या रक्तात नसून वस्तीच्या घडणीत असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. गरिबी, सतत बदलणारे रहिवासी आणि एकमेकांची भाषा न कळणारे शेजारी एकत्र आले की पोरांवर कुणाचा वचक उरत नाही.

आता नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या पट्ट्याच्या आसपासच्या भाड्याच्या खोल्या आठवा. करार अकरा महिन्यांचा. कुणी कसमादेचा (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा), कुणी खानदेशचा, कुणी थेट बिहारचा. बापाची रात्रपाळी, आई चार घरची कामं करणारी. समोरच्या खोलीतला मुलगा शाळा बुडवून हिंडतोय, हे कळायला आधी तो कुणाचा हे माहीत हवं. ते माहीत होईपर्यंत करार संपतो. ‘लक्ष नाही’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावं.

पण वचक नाही म्हणून प्रत्येकजण कोयता उचलत नाही. उचलावासा का वाटतो? रॉबर्ट मर्टन हा फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत वाढलेला समाजशास्त्रज्ञ. त्याने 1938 साली याचं उत्तर दिलं: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोचायच्या वाटा सगळ्यांना सारख्या देत नाही. या तफावतीतून ताण येतो. आयटीआय करून कंत्राटदाराकडे लागलेला, ‘कायम’ होण्याची वाट पाहणारा मुलगा मोबाइलवर दिवसभर काय पाहतो, हे सांगायला नको. अशा वेळी काहीजण स्वप्न तेच ठेवतात आणि वाट बदलतात. मर्टन त्याला ‘नवप्रवर्तन’ म्हणतो. शब्द भारदस्त, पण सोनसाखळी खेचणंही त्यातच येतं. काही स्वप्न सोडून नुसते नियम पाळत राहतात (हा प्रकार कुठल्याही कचेरीत भेटेल), काही नशेत जातात, काही व्यवस्थाच उलथू पाहतात. बहुतेक मात्र निमूट चालत राहतात.

मर्टनची बाजू एका ठिकाणी लंगडी पडते. ताण मुलींवर काय कमी असतो? तरी गुन्ह्यांत मुलगे कितीतरी जास्त. रॉबर्ट अ‍ॅग्न्यूने 1992 मध्ये ताणाची व्याख्या रुंद केली: नुसता पैसा नव्हे, तर अपमान, मारहाण, जवळचं माणूस गमावणं हाही ताणच, आणि त्यातून उठणारा राग महत्त्वाचा. पुढच्या मांडणीत असं सुचवलं गेलं की मुलींच्या रागाला अपराधीपणाची आणि खिन्नतेची जोड असते, त्यामुळे तो बहुधा स्वतःवरच उलटतो.

मला स्वतःला 1997 चा शिकागोचाच अभ्यास जास्त पटतो. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी 343 वस्त्यांतल्या 8,782 लोकांना साधे प्रश्न विचारले. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील, तर शेजारी काही करतील का? घरासमोर मारामारी झाली तर? ‘करतील’ हे उत्तर आणि एकमेकांवरचा विश्वास जिथे जास्त, तिथे गरिबी जमेस धरूनही हिंसा कमी निघाली.

तडीपारीने पोरगा जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर जातो, वस्तीची घडण तशीच राहते. शॉने 1930 च्या दशकात वस्तीतल्याच माणसांना हाताशी धरून काम सुरू केलं होतं. नाशिकमध्ये अशी माणसं जमवायला फार शोधावं लागणार नाही. गल्लोगल्ली मंडळं आहेत, वर्गणीच्या निमित्ताने त्यांना घर न् घर माहीत असतं. अडचण अशी, की दाट ओळखी भांडण सोडवतात तशा ओळखीच्या गुंडाला पाठीशीही घालतात. भाईच्या वाढदिवसाचं फ्लेक्स लावणारं आणि रात्री दोन गटांमध्ये पडून मारामारी थांबवणारं मंडळ कित्येकदा एकच असतं.