मेइशोकी ग्रंथांतील निसर्गचित्रण

मेइशोकी ग्रंथांतील निसर्गचित्रण : एदो काळात (1603–1868) जपानमध्ये लाकडी ठशांवरून छापलेल्या प्रवासग्रंथांतील स्थळचित्रे. ‘मेइशो’ म्हणजे नावाजलेले स्थळ. अशी अनेक नावे प्रथम कवितेतून रूढ झाली. नाकागावा किउनचा क्योतोविषयक क्यो वाराबे (1658) हा या प्रकारातील आरंभीचा सचित्र ग्रंथ मानतात. एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरील आसाइ र्‍योईचा तोकाइदो मेइशोकी 1660 च्या सुमारास धरला जातो.

चित्ररचनेच्या उगमाबद्दल दुमत आहे. काही अभ्यासक तो क्योतोच्या नगरदृश्यांच्या घडीच्या पडद्यांत शोधतात. पडद्यांवरील सोनेरी ढगच छापील धुक्याचे आडवे पट्टे झाले, असे त्यांचे म्हणणे. इतर तो हस्तचित्रित नारा-एहोन आणि इसे मोनोगातारीच्या 1608 च्या छापील आवृत्तीसारख्या कथाग्रंथांकडे नेतात. आरंभीच्या चित्रांत कथाचित्रांप्रमाणे माणसे मोठी आणि डोंगर ठोकळेबाज असतात, स्थळ बहुधा नावावरूनच ओळखू येते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पातळ कागदावरील रेखाटन रानचेरीच्या फळीवर पालथे चिकटवून कोरत. फळीला शाई लावून वर कागद ठेवत आणि तो पाठीमागून बारेन या चकतीने घासत. छापलेला कागद मजकूर बाहेर राहील असा मधोमध दुमडून मोकळ्या कडा शिवत. म्हणजे उघड्या ग्रंथात समोरासमोर दिसणारी दोन पृष्ठे वेगवेगळ्या कागदांची : उजवे आधीच्या कागदाची मागली बाजू, डावे पुढच्याची दर्शनी बाजू. जोडपृष्ठी चित्राचे दोन अर्ध वेगळ्या ठशांतून येत. शिवणीपाशी डोंगररेषा तुटते, चौकटींची उंची जुळत नाही. धुक्याचे पट्टे अंतर आखडण्याबरोबर हा सांधाही झाकू शकतात.

तोकाइदो बुन्केन एझु (1690) हा त्या रस्त्याचा चित्रनकाशा घडीच्या सलग पट्टीचा असल्याने ही अडचण टळली. ओचिकोची दोइनच्या मोजणीवर हिशिकावा मोरोनोबूने चित्रे काढली. प्रमाण सुमारे 1:12,000 आहे. मात्र वळणावळणाचा रस्ता पट्टीत सरळ बसवल्याने दिशा बदलत जातात, म्हणून त्या जागोजागी नोंदवल्या आहेत.

अशा ग्रंथांचा काळ ठरवताना केवळ समाप्तिलेखावर (ग्रंथाच्या शेवटच्या प्रकाशन-नोंदीवर) विसंबू नये. जुनी तारीख पुढच्या छपाईतही तशीच राही. फळी सुकून आकसते, म्हणून नंतरच्या प्रतींत चौकट किंचित लहान भरते आणि तिच्या रेषेत खंड दिसतात. छापील पान नव्या फळीवर चिकटवून पुन्हा कोरल्यासही आकार घटतो, पण तेव्हा तुटलेल्या रेषा सांधलेल्या आणि वळणे ताठर दिसतात. प्रती जुळवताना त्याच पानाची चौकट मोजणे आवश्यक ठरते.

अकिसातो रितोच्या मियाको मेइशो झुएपासून (1780, चित्रे ताकेहारा शुन्चोसाइ) उंचावरून पाहिलेले, तपशीलवार स्थळदृश्य रूढ झाले.